अकरा माणसांचं घर आणि चार मुलांची आई: काम कुठे अडतं, कसं सोडवायचं

प्रश्न असा आहे. कोपरखैरण्याचं रो-हाऊस, खाली-वर मिळून अकरा माणसं. सासू-सासरे, दीर-जाऊ, त्यांचा 7 वर्षांचा मुलगा, नवरा-बायको आणि त्यांची चार मुलं: मुलगी 13 ची, मुलगा 9 चा, मुलगी 6 ची, धाकटा 14 महिन्यांचा. नवरा तुर्भ्याच्या भाजी मार्केटला माथाडी, रात्री अडीचला घर सोडतो आणि दुपारी येऊन झोपतो. जाऊबाई महापेला कंपनीत. आई विचारते, "घरात एवढी माणसं असून सगळं माझ्याच अंगावर पडतं. दिवसभर मुलांवर ओरडते, थोरलीला राबवते आणि रात्री मन खात राहतं. हे बसवायचं कसं?"

ताई, तुमच्या घरात हात कमी नाहीत. भाजी निवडायला कोणी ना कोणी बसतं, बाळ घ्यायला कोणी ना कोणी असतं. वाटून घेतलेलं नाही ते लक्षात ठेवण्याचं काम. बाळाने सकाळपासून काय खाल्लं, मधलीचा कुठला डोस राहिला, नऊवाल्याची वही संपली, गॅस कधी लावला होता, हे अकरा माणसांचं सगळं एकट्या तुमच्या डोक्यात आहे. त्यामुळे मदतीला कोणी आलं तरी आधी त्याला सांगावं लागतं, आणि सांगण्यापेक्षा आपणच केलेलं बरं असं होऊन बसतं. म्हणून पहिला उपाय मदत मागण्याचा नाही. ज्याचं काम, त्याचं लक्षात ठेवणंही त्याचंच, हे ठरवण्याचा आहे. "पोळ्यांना मदत करा" म्हटलं की पोळ्या तुमच्याच राहतात. "रात्रीचा स्वयंपाक जाऊबाईंचा" म्हटलं की काय करायचं, भाजी आहे का, मीठ संपलं का, हे सगळं त्यांच्याकडे जातं.

सुरुवात धाकट्यापासून करा, कारण मोठ्या घरात चुका सगळ्यात आधी त्याच्याच बाबतीत होतात. सहा जण भरवतात, म्हणजे त्याने काय खाल्लं हे कोणालाच माहीत नसतं. आजी चहात बिस्किट बुडवून देते, आजोबा केळं देतात, काका येताना वेफर आणतो, आणि जेवणाच्या वेळी बाळ तोंड फिरवतं. मग "जेवतच नाही" म्हणून बाटलीभर दूध. या वयात अंगावरचं दूध चालू असेल तर दोन वर्षांपर्यंत चालू ठेवा. वरचं दूध दिवसाला 400 ते 500 मिलिलिटरच्या पुढे नको. पोट दुधानेच भरलं तर लोहाचं अन्न जात नाही आणि मूल फिकट पडतं. दिवसाला तीन जेवणं आणि दोन मधली खाणी, प्रत्येकाची वेळ ठरलेली. भरवणारा कोणीही असो, स्वयंपाकघराच्या दारावर लावलेल्या कागदावर लिहील: "10 वाजता, अर्धी वाटी नाचणी". सासूबाईंना लिहायला नको असेल तर त्यांनी सांगावं, नऊवाल्याने लिहावं. त्याला ते काम आवडेलही.

हाच कागद औषधासाठी जास्त मोलाचा आहे. बाळाला ताप आला, तुम्ही आठला औषध दिलं, नऊला आजीने कपाळाला हात लावला आणि पुन्हा दिलं. असं दुबार औषध गर्दीच्या घरात सहज जातं. पॅरासिटामॉल वजनावर ठरतं: दर किलोला 15 मिलिग्रॅम, दोन वेळांमध्ये 6 तास, 24 तासांत चारपेक्षा जास्त वेळा नाही. 10 किलोच्या बाळाला 150 मिलिग्रॅम. आता गोम अशी की बाटल्या वेगवेगळ्या ताकदीच्या असतात. एका सिरपच्या 5 मिलिलिटरमध्ये 125 मिलिग्रॅम असतं, दुसऱ्याच्या तेवढ्यातच 250, आणि ड्रॉप्सच्या एका मिलिलिटरमध्येच 100. म्हणजे तीच मात्रा पहिल्या बाटलीतून 6 मिलि, दुसरीतून 3 मिलि आणि ड्रॉप्समधून दीड मिलि. ड्रॉप्सची बाटली सिरप समजून कोणी 5 मिलिचा चमचा भरला तर बाळाच्या पोटात 500 मिलिग्रॅम, तिपटीहून जास्त. म्हणून घरात एकाच ताकदीची बाटली ठेवा. बाळाचं आजचं वजन आणि किती मिलि हे डॉक्टरांना विचारून बाटलीवर चिकटपट्टी लावून लिहा, आणि बाटली फोडल्याची तारीखही. ज्याने औषध दिलं त्यानेच वेळ लिहायची. लिहिलेलं नसेल तर देण्याआधी घरात सगळ्यांना विचारायचं.

मोठ्या भावंडांच्या घरात रांगतं-चालतं बाळ म्हणजे जमिनीवरची प्रत्येक वस्तू तोंडात. शेंगदाणे, फुटाणे, अख्खी द्राक्षं, खोबऱ्याचा तुकडा आणि गोळ्या-चॉकलेटं बाळाच्या हाताला लागू देऊ नका. दाण्याचं कूट चालेल, दाणा नाही. खेळण्यातली किंवा रिमोटची बटणासारखी चपटी बॅटरी गिळल्याचा नुसता संशय आला तरी उलटी करायला लावू नका, वाट बघू नका, थेट हॉस्पिटल गाठा. ती अन्ननलिकेत अडकली तर दोन तासांतही आतून भाजते. सात आणि नऊ वर्षांच्या दोघांच्या खेळण्यांना वरच्या मजल्यावर एक पेटी द्या आणि ती खेळणी खाली आणायची नाहीत एवढं एकच सांगा. "पसारा करू नका" पेक्षा हे मुलांना पाळता येतं.

आता सकाळ. फेब्रुवारी 2024 च्या शासन निर्णयाने चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी 9 किंवा नंतर भरवायचे आहेत. थोरलीची शाळा सातची असेल तर तुमच्या घरात डब्यांच्या दोन लाटा येतात, एक साडेसहाला, एक साडेआठला. ओरडणं बहुतेक या दोन तासांतच होतं. पोळ्यांचा हिशोब मांडून बघा. सहा मोठी माणसं आणि जेवणारी चार मुलं धरून सकाळच्या साधारण 28 पोळ्या. त्याला 800 ग्रॅम कणीक, अर्धा लिटरच्या आसपास पाणी, आणि 45 ग्रॅमचा, म्हणजे मोठ्या लिंबाएवढा गोळा. एकटीने लाटून भाजायला एका पोळीला दीड ते दोन मिनिटं, म्हणजे पाऊण ते एक तास तवा सोडता येत नाही. त्याच तासात बाळ उठतं आणि मधलीची वेणी राहिलेली असते. एकाने लाटायचं आणि दुसऱ्याने भाजायचं, तर तेच काम अर्ध्या तासात उरकतं. जाऊबाई सव्वाआठला बाहेर पडत असतील तर सहा ते साडेसहा त्यांचा हात लाटण्यावर हवा, दिवसभरातली बाकीची मदत थोडी कमी झाली तरी चालेल. वेळ नेमकी हवी, "जमेल तेव्हा" नको.

कणीक रात्री मळायची असेल तर वरून तेलाचा हात फिरवून घट्ट झाकणाच्या डब्यात फ्रिजमध्ये ठेवा आणि लाटण्याआधी अर्धा तास बाहेर काढा. गार कणीक लाटताना आखडते, पोळी वातड होते, आणि मग मुलं डबा परत आणतात. कणीक काळपट दिसते ती हवा लागल्याने, म्हणून डबा लहान घ्यावा, वर मोकळी जागा राहू नये. पालेभाजी रात्री निवडून ठेवा पण धुऊ नका. भेंडी धुऊन, कोरडी पुसून ठेवा आणि सकाळी चिरा. डाळीचा कुकर अर्ध्याच्या वर भरू नका. अकरा जणांची डाळ एकाच पाच लिटरच्या कुकरात कोंबली की फेस शिट्टीत जातो, तिथे अडकतो आणि व्हॉल्व्ह उडतो. महिन्याचं सामान भरताना ढोबळ अंदाज असा: गहू 40 ते 45 किलो, तांदूळ 30, तूरडाळ आणि बाकीच्या डाळी मिळून 9, तेल 6 लिटर. याच्या फार पुढे जात असेल तर आधी नासधूस बघा. मोठ्या घरात उरलेलं अन्न "कोणीतरी खाईल" म्हणून राहतं आणि टाकलं जातं.

स्वयंपाक दिवस वाटून घ्यावा की वेळ, यावर बायका खूप भांडतात. माझं मत वेळ वाटण्याकडे आहे. सोमवार तुमचा, मंगळवार जाऊबाईंचा असं केलं की कंपनीत उशीर झालेल्या दिवशी वाटणी मोडते, आणि मोडलेलं तुम्ही भरता. सकाळ तुमची, रात्र त्यांची, आणि रविवारी दोघी मिळून, हे टिकतं. मात्र रात्र त्यांची असेल तर त्यांच्या भाजीला नावं ठेवायची नाहीत, तिखट झाली तरी. एकाच घरातल्या, शाळेत जाणाऱ्या चौघा पोरांच्या डब्यात फरक मात्र करू नका. त्यांच्या मुलाला विकतचा केक आणि तुमच्यांना पोळीचा लाडू, किंवा उलट, हे मुलांच्या मनात खोल बसतं. किराणा, गॅस आणि वीज सामाईक वहीतून. फी, कपडे आणि क्लास ज्याचा त्याने. ही रेघ एकदा आखली की निम्मी कुरबूर थांबते.

थोरलीबद्दल थोडं थांबून लिहिते, कारण तुमच्या प्रश्नात सगळ्यात जास्त काळजी तिचीच आहे. तिला काम द्यायला हरकत नाही. मोठ्या घरातली मुलगी हाताने तयार होते ते चांगलंच. त्रास होतो तो ज्या कामाला शेवट नाही अशा कामाने. "बाळाकडे बघ" या कामाला शेवट नाही. ती गणिताची वही उघडून बसलेली, मांडीवर बाळ, बाळाच्या हातात तिची पेन्सिल, आणि आतून हाक: "अगं, त्याला शू लागली असेल बघ." तिचं गणित कधी संपणार? तिला सुरुवात आणि शेवट असलेलं एकच काम द्या. संध्याकाळी सातला सगळ्यांच्या पाण्याच्या बाटल्या भरायच्या आणि दोघा धाकट्यांची दप्तरं तपासायची. साडेसातला काम संपलं. त्यानंतर नऊपर्यंत तिला कोणी हाक मारायची नाही, आजीनेही नाही. बाळ सांभाळायचं असेल तर आधी विचारून, अर्धा तास, घड्याळ लावून. आणि तिच्यापेक्षा चार वर्षांनी लहान भावालाही कामं हवीत. कपड्यांच्या घड्या, कडधान्य निवडणं, केर काढणं हे 9 वर्षांच्या मुलाला येतं. 6 वर्षांची चपला लावेल, ताटं-वाट्या मांडेल. गॅसपाशी आणि गरम पातेल्यापाशी मात्र इतक्या लहानांना नाही.

या वयात तिला कुलपाचा एक खण हवा, घर कितीही भरलेलं असो. पॅड, आतले कपडे, डायरी तिथे राहील. बाथरूमसमोर सकाळी रांग लागते तिथे पाळीच्या दिवसांत तिला पहिला नंबर द्या आणि त्याचं कारण कोणी विचारायचं नाही. वापरलेलं पॅड कागदात गुंडाळून टाकायला झाकणाचा वेगळा डबा ठेवा. झोप 8 ते 10 तास लागते. बाप रात्री अडीचला उठतो त्या खोलीत तिची गादी नको.

बापाच्या झोपेचंही गणित आहेच. रात्री अडीचपासून ओझी वाहून आलेल्या माणसाला दुपारी सलग चार-पाच तास मिळाले नाहीत तर चिडचिड मुलांवर निघते. त्यांची झोप वरच्या खोलीत, जाड पडदा लावून, आणि त्या वेळात मुलं खाली. पण झोपून उठल्यावर साडेपाच ते साडेसात हा वेळ त्यांच्याकडे मुलांसाठी द्या. नऊवाल्याचा अभ्यास आणि बाळाला फिरवणं हे त्यांचं, रोज. थकलेला माणूस आहे म्हणून हे सोडून देऊ नका. तुमचे ते दोन तास मोकळे झाले नाहीत तर रात्री दहापर्यंत तुम्हाला बसायलाच मिळत नाही.

प्रत्येक मुलाला वेगळा वेळ द्या, असं सगळेच सांगतात. चार मुलांच्या आईला वेगळा वेळ कुठून येणार? म्हणून तो असलेल्या कामाला जोडून घ्या. भाजी आणायला जाताना एकच मूल न्यायचं, पाळीपाळीने, आणि कोणाचा कुठला वार ते ठरवून टाकायचं. परत येताना निसर्ग उद्यानात दहा मिनिटं टेकलात तरी पुरतं. मुलांना वार पाठ असतो. आपला वार नक्की येणार हे कळलं की बाकीच्या दिवसांची ओढाताण कमी होते. त्या वेळात शाळेची चौकशी करू नका, त्यांना बोलू द्या.

गर्दीच्या घराचे आजारही गर्दीचे. खरूज एकाला झाली की उपचार सगळ्यांना एकाच रात्री. डॉक्टरांनी परमेथ्रिन 5 टक्के हे अंगाला लावायचं औषध दिलं तर मानेखालून पायाच्या बोटांपर्यंत, नखांच्या आतही, 8 ते 12 तास ठेवायचं, आणि आठवड्याने पुन्हा. त्या दिवशीचे कपडे आणि चादरी गरम पाण्यात धुऊन कडक उन्हात. न धुता येणाऱ्या गोष्टी पिशवीत बांधून तीन दिवस बाजूला. ज्याला खाज नाही त्याने लावलं नाही, हेच खरूज परत येण्याचं मुख्य कारण. खाज सुरू व्हायला आठवडे लागतात, तोवर माणूस ती पसरवत असतो. उवा झाल्या तर सगळ्यांची डोकी एकाच दिवशी तपासा, आणि ज्यांच्या डोक्यात सापडतील त्या सगळ्यांना एकाच दिवशी औषध. बाळाला लावण्याआधी मात्र डॉक्टरांना विचारा. जंताची गोळी शाळेत आणि अंगणवाडीत 10 फेब्रुवारी आणि 10 ऑगस्टच्या सुमारास मिळते: अल्बेंडाझोल 400 मिलिग्रॅम, आणि 1 ते 2 वर्षांच्या बाळाला अर्धी. जुलाब लागले तर ओआरएसचं एक पाकीट एक लिटर पाण्यातच, अर्ध्या ग्लासात नाही. 24 तासांनी उरलेलं फेकायचं. बाळाला दर जुलाबानंतर 50 ते 100 मिलि, आणि झिंकची 20 मिलिग्रॅमची गोळी 14 दिवस, जुलाब थांबले तरी. पाण्याचे ड्रम आठवड्यातून एकदा पूर्ण रिकामे करून आतून घासायचे. डेंग्यूच्या डासाची अंडी ड्रमच्या कडेला चिकटलेली असतात, नुसतं पाणी ओतून ती जात नाहीत.

लसी प्रत्येकाच्या वेगळ्या फाइलमध्ये लिहा, एका वहीत सगळ्यांच्या नकोत. धाकट्याचा 16 ते 24 महिन्यांमधला गोवर-रुबेलाचा दुसरा डोस, त्रिगुणी आणि पोलिओचे बूस्टर दोन महिन्यांत सुरू होतील. 6 वर्षांचीचा त्रिगुणीचा दुसरा बूस्टर 5 ते 6 मध्ये असतो, झाला नसेल तर आत्ताच केंद्रावर विचारा. नऊवाल्याला दहाव्या वर्षी टीडी, म्हणजे धनुर्वात-घटसर्पाची लस. थोरलीच्या एचपीव्ही लसीबद्दल, म्हणजे गर्भाशयमुखाच्या कर्करोगाविरुद्धच्या लसीबद्दल, डॉक्टरांशी बोला. 15 व्या वर्षाआधी सुरू केली तर सहसा दोन डोस, सहा महिन्यांच्या अंतराने, पण तिला नेमके किती ते डॉक्टरच सांगतील. मधलीच्या आधारचे बोटांचे ठसेही राहिले असतील, ते 5 वर्षांनंतर नव्याने द्यावे लागतात.

सासूबाईंशी बोलायचं ते दुपारच्या चहाला, भांडण चालू असताना नाही आणि मुलांसमोर तर नाहीच. तक्रार म्हणून नको, त्यांच्या हातात काही देऊन बोला: "आई, बाळाच्या औषधाचा कागद तुमच्या ताब्यात घ्या, तुमचं सगळे ऐकतात." ज्या आजीला बिस्किटावरून टोकलं असतं तीच मग बाकीच्यांना टोकते. मुलांबाबत सगळ्या मोठ्यांनी पाळायचे नियम तीनच ठेवा: मारायचं नाही, जेवताना मोबाईल नाही, एकाने नाही म्हटलं तर दुसऱ्याने हो म्हणायचं नाही. बाकी लाड आजी-आजोबांनी करावेत, तो त्यांचा हक्क आहे.

आणि तुम्ही. शेवटी जेवणाऱ्या बाईला पोळी-आमटी उरते, भाजी नाही. वाढायला बसण्याआधी स्वतःचं ताट पूर्ण वाढून झाकून ठेवा. चार बाळंतपणं आणि अजून अंगावरचं दूध, तेव्हा हिमोग्लोबिन, थायरॉईड आणि बी-12 नागरी आरोग्य केंद्रात विचारून तपासून घ्या. हिमोग्लोबिन 12 च्या खाली असेल तर तुमचा थकवा आणि चिडचिड स्वभावामुळे आहे असं समजू नका. पाचवं नको असेल तर ते नशिबावर सोडू नका. दूध पाजत असताना पाळी आली नाही तरी दिवस राहू शकतात. कॉपर टी 380ए दहा वर्षं चालते आणि काढताही येते. पुरुष नसबंदी बिनटाक्याची, साधारण पंधरा-वीस मिनिटांची. त्याच दिवशी घरी सोडतात, पण तीन महिने दुसरं साधन वापरून मग वीर्यतपासणी करावी लागते. ओझी उचलणाऱ्या माणसाने कामावर कधी जायचं ते डॉक्टरांना विचारून ठरवायचं. बायकांच्या शस्त्रक्रियेपेक्षा ती सोपी आहे, हे नवऱ्याला डॉक्टरांच्या तोंडून ऐकू द्या. रडू येतं, झोप मिळूनही झोप लागत नाही, बाळाजवळ जावंसं वाटत नाही, असं दोन आठवडे टिकलं तर 14416 वर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनला फोन करा. मराठीत बोलता येतं, पैसे लागत नाहीत.

हे सगळं एका सोमवारी सुरू करू नका. पहिल्या आठवड्यात फक्त दारावरचा कागद. तो सगळ्यांच्या अंगवळणी पडला की थोरलीचे साडेसात ते नऊ. स्वयंपाकाची वाटणी मात्र शाळेला सुट्टी लागेल तेव्हा बदला. डब्याची घाई नसते, पोळ्या पंधरा मिनिटं मागेपुढे झाल्या तरी कोणाची शाळा चुकत नाही, आणि जाऊबाईंच्या हाताला सवय व्हायला तेवढे दिवस लागतातच.